आटपाडीकडं डाळिंबाला भाड्यानं मधमाशीच्या पेट्या घेतल्या, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

हस्त बहाराला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याला, यंदा आम्ही डाळिंबात मधमाशीच्या पेट्या भाड्यानं ठेवल्या, विट्याकडचा एक तरुण मधपाळ आहे त्याच्याकडनं, आणि तेव्हापासून पाहुण्यांपासून ते दुकानदारापर्यंत सगळे विचारतायत की खरंच फरक पडतो का, भाडं परवडतं का, माशा चावत नाहीत का, म्हणून एकदाच नीट लिहिते. त्याचं नाव नंबर इथं टाकत नाही, त्याला विचारल्याशिवाय टाकणं बरोबर नाही. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कुठं कापला ते पुढं येईलच.

आमची बाग भगवा जातीच्या डाळिंबाची, मुरमाड रान, माणदेशातलं असतं तसलंच, टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून जरा जीव आला. ताण दिला, पानगळ केली, छाटणी झाली, कळी पण भरपूर निघाली. पण आमचं दुखणं कायम सेटिंगचं, म्हणजे फुलातनं फळ धरण्याचं. मादी कळी दिसते, चार दिवस आशा लागते आणि मग झाडाखाली लाल सडा. ज्यांच्याकडं डाळिंब नाही त्यांच्यासाठी सांगते, डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात, एक खाली निमुळती नर फुलं, त्यातनं फळ धरत नाही, आणि दुसरी बुडाला फुगीर, तिला आपण मादी कळी म्हणतो, फळ तिलाच. पराग तिच्यापर्यंत पोचायला पाहिजे आणि वाऱ्यानं ते काम फार होत नाही, ते करतात कीटक, मुख्यतः मधमाशी. पूर्वी आमच्या बांधावरच्या लिंबाला आग्या माशांचं पोळं असायचं, फुलोरीची छोटी पोळी तर कुंपणात कुठंही दिसायची, आता बघायला मिळत नाहीत. म्हणून पेट्या.

आता सर्व्हिसबद्दल. मी आधी एकदोघांना फोन केला होता, त्यांनी थेट पेटीचा दर सांगितला आणि कधी आणू एवढंच विचारलं. ह्या पोरानं दर शेवटी सांगितला. आधी त्याचेच प्रश्न, "ताई, फुल किती उमललंय? आजूबाजूला दोन किलोमीटरात काय फुलात आहे? शेवटची फवारणी कसली झाली आणि कधी?" मी म्हटलं कळी निघालीय, उद्या घेऊन ये, तर सरळ नाही म्हणाला, शंभरातली दहा फुलं तरी उघडू दे, मग रात्री आणतो. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं, कारण मागचं कारण मला माहिती होतं आणि ह्यालाही माहिती होतं.

माझं बीएस्सी झूलॉजी सांगलीत झालं, लग्नानंतर बाग सांभाळते, पण वाचायची सवय सुटली नाही, त्यामुळं इथनं पुढं थोडं लांबण लागणार आहे, समजून घ्या.

माशी आपल्या बागेत सोडली म्हणजे ती आपल्याच फुलावर बसेल असं काही नसतंय. कुठं जायचं ते ती ठरवते, आणि ते तिच्या डोक्यातल्या रसायनांवर चालतं. डोकं केवढं, तर दहा लाखाच्या आतबाहेर न्यूरॉन म्हणजे चेतापेशी, माणसाच्या मेंदूत आठ हजार कोटींच्या वर आहेत. त्या एवढ्याशा मेंदूत ऑक्टोपामाइन नावाचं एक रसायन असतं, आपल्यातल्या नॉरअॅड्रेनालिनचं किड्यांमधलं भावंड म्हणा. माशीला गोड लागलं की ते सुटतं आणि त्या क्षणी जो वास नाकाशी म्हणजे मिशांशी असेल तो "चांगला" म्हणून पक्का होतो. 1993 साली मार्टिन हॅमर ह्या शास्त्रज्ञानं माशीच्या मेंदूतला एक, फक्त एक, न्यूरॉन शोधला, आणि वास दाखवून साखर द्यायच्या ऐवजी तो एकच न्यूरॉन विजेनं चेतवला, तरी माशी तो वास शिकली. साखरेचा थेंबही नाही आणि तरी पुढच्या वेळी तो वास आला की सोंड बाहेर! कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वर्गातल्या सगळ्यांना सांगत सुटले होते, अजूनही मला त्यात तेवढंच नवल वाटतं.

तर ह्याचा पेटीशी संबंध असा की पेटी नवीन जागी आली की चरायला जाणाऱ्या माशा पहिल्यांदा जे फुल त्यांना परवडेल ते शिकतात आणि मग त्यालाच धरून राहतात. आपलं फुल उमलायच्या आत पेटी आणली तर त्या शेजारचं काहीतरी शिकून बसणार, नंतर आपली बाग लालभडक झाली तरी त्यांना तिकडचीच ओढ. त्यात माशीला लाल रंग धड दिसत नाही, त्यामुळं इथं तिचं बरंचसं वासावर आणि मिळकतीवर. म्हणून दहा टक्के फुल. आणि रात्री, कारण तेव्हा सगळ्या माशा पेटीत असतात, आणि जुन्या जागेपासून तीन किलोमीटरच्या वर, नाहीतर चरायला गेलेल्या माशा ओळखीच्या रस्त्यानं परत जुन्या जागी जाऊन घिरट्या घालतात. ह्यानं पेट्या खूप लांबनं आणल्या, वरनं ओला बारदाना टाकून, एकही पेटी तापलेली नव्हती.

सकाळी त्यानं झाकण काढून मला फ्रेम दाखवल्या. मी म्हटलं मध किती आहे बघू, तर म्हणाला मध नका बघू ताई, अळ्या बघा, म्हणजे माशीची पिल्लं. ज्यांना पेट्या घ्यायच्यात त्यांनी हे लक्षात ठेवाच, कारण डाळिंबावर माशी येते ती मुख्यतः परागासाठी, आणि पराग कुणाला पाहिजे, तर अळ्यांना. उघड्या अळ्यांच्या अंगातनं एक फेरोमोन, म्हणजे निरोप देणारं वासाचं रसायन, येतो, त्याच्या वासानं कामकरी माशा जास्त संख्येनं परागाकडं वळतात, हे प्रयोगानं सिद्ध झालेलं आहे. पेटीत राणी अंडी घालत नसेल, अळ्याच नसतील, तर ती पेटी बागेत ठेवून भाडं द्यायचं आणि माशा मात्र मकरंदासाठी दुसऱ्याच्या रानात. दिसायला माशांची गर्दी दोन्हीकडं सारखीच. आमच्या पेट्यांतल्या बहुतेक फ्रेम अळ्यांनी भरलेल्या होत्या, एक पेटी जरा हलकी वाटली, ती त्यानं मी न सांगता बदलून दिली.

अजून एक करामत त्यानं केली ती म्हणजे पेटीत साखरेचा पाक ठेवला. आमच्या आत्या म्हणाल्या, अगं माशा फुलं सोडून पाकच पीत बसतील की. तसं होत नाही. किवीच्या फुलात मकरंद नसतोच, म्हणून न्यूझीलंडमध्ये किवीच्या बागांत पेट्यांना पाक देतात, घरात गोड आलं की पोळ्याची परागाची मागणी वाढते आणि माशा परागाला जास्त जातात. पोळ्यातल्या माशा आत काय कमी आहे त्याप्रमाणं बाहेरच्यांना कामाला लावतात, मकरंद घेऊन आलेल्या माशीकडनं माल उतरवून घ्यायला आत कुणी पटकन आलं तर तिला कळतं की हे पाहिजे आहे, ताटकळावं लागलं तर कळतं की ह्याची आता गरज नाही. आणि चांगला माल मिळाला की तो कुठं आहे ते बाकीच्यांना सांगायला ती नाचते, कार्ल फॉन फ्रिशना 1973 चं नोबेल मिळालं त्यात ह्या नाचाच्या भाषेचा मोठा वाटा आहे. ऑक्टोपामाइन जास्त दिलं की त्याच साखरेच्या पाण्यावर माशी जास्त नाचते, म्हणजे माल तोच, तिला तो जास्त भारी वाटतो. हे प्रयोग ऑस्ट्रेलिया अमेरिकेतल्या लोकांनी 2007 च्या आसपास केलेत.

एवढं सगळं छान चालू असताना मधी एक दिवस बागेत गुणगुण कमी झाली. मी सकाळी नऊच्या सुमाराला फिरते, तेव्हा एरवी प्रत्येक झाडावर दोनतीन माश्या सहज दिसायच्या, त्या दिवशी शोधाव्या लागल्या. पेट्यांच्या दारात मात्र येजा जोरात. म्हणजे कामाला जातायत, पण आमच्याकडं नाही. मी फोन केला, तो त्याच दिवशी दुपारी आला (विट्याहून आमच्या गावाला यायचं म्हणजे काही जवळ नाही) आणि आल्या आल्या पेटीच्या दाराशी बसून परत येणाऱ्या माशांच्या पायावरच्या परागाच्या गोळ्या बघायला लागला. आमच्या फुलातला पराग बोटावर घेऊन रंग जुळवून बघितला. जुळत नव्हता. मग बांधावर उभं राहून बघितलं तर ओढ्यापलीकडं कुणीतरी उशिरा पेरलेलं सूर्यफूल ऐन फुलात आलं होतं.

सूर्यफुलात मकरंद पण आहे आणि पराग पण. आता माशीनं काय करावं? इथं मला कॉलेजातला तो गोल किडा आठवला, सी. एलेगन्स, एक मिलिमीटर लांब, कुजक्या फळांवरचे जिवाणू खातो, सगळे मिळून 302 न्यूरॉन. म्हणजे मेंदू म्हणावा असं काही जवळजवळ नाहीच. तरी त्याच्यापुढं रोज हाच प्रश्न, थांबू का जाऊ. जिवाणूंच्या थरात शिरला की डोपामाइन ह्या मेंदूतल्या रसायनामुळं त्याची चाल मंदावते, आणि उपाशी असेल तर सेरोटोनिन ह्या तसल्याच रसायनामुळं अजूनच, जवळजवळ थांबतोच. 2013 ला कोरी बार्गमन ह्यांच्या लॅबमधनं आलं की सेरोटोनिन त्याला एका जागी चरत ठेवतं आणि पीडीएफ नावाचं दुसरं रसायन त्याला हिंडायला लावतं, दोघांची रस्सीखेच, आणि ज्याचं पारडं जड त्याप्रमाणं किडा कितीतरी मिनिटं एकाच अवस्थेत राहतो. खाणं संपलं तर पहिली पंधराएक मिनिटं तो तिथल्या तिथं वळून वळून शोधतो, मिळालं नाही की मग सरळ लांब निघतो. ते वळून वळून शोधणं पण डोपामाइनवर. एवढ्या लहान जिवाला एवढी समज त्याच्या 302 पेशी आणि चार रसायनं देतात, ह्याच्यापुढं मला तरी कुठलाही चमत्कार फिका वाटतो.

आणि ह्याचं गणित पण आहे. 1976 साली एरिक चार्नोव्ह ह्यांनी मांडलं की जनावर एका जागी चरताना तिथली मिळकत आजूबाजूच्या सरासरीच्या खाली आली की जागा सोडतं, आणि सोडणंच त्याच्या फायद्याचं. सूर्यफूल फुललं आणि आमच्या भागाची सरासरी वर गेली. डाळिंबात काही कमी झालं नव्हतं, बाजूला दर वाढला होता. आटपाडीच्या सौद्यात शेजारच्या गाळ्यावर चार रुपये जास्त मिळायला लागले की आपण गाडी तिकडं वळवतोच ना, तेच. माशीला दोष देण्यात अर्थ नाही.

मधपाळानं काय केलं ते ऐका. डाळिंबाची ताजी फुलं तोडून पाकात रात्रभर भिजवली, गाळून तो वासाचा पाक पेट्यांत ठेवला, आणि पेट्या बांधावरनं उचलून बागेच्या आतल्या बाजूला घेतल्या, तेही रोज थोडं थोडं, दोनदोन फूट सरकवत, एकदम नाही. फुलाचा वास आणि गोड एकत्र मिळालं की तो वास माशीच्या डोक्यात बसतो, आणि पोळ्यात अन्न तोंडातनं तोंडात वाटलं जातं त्यामुळं तो घरभर पसरतो. फॉन फ्रिशनी हा उपाय फार पूर्वी सुचवला होता, अर्जेंटिनात वॉल्टर फारिना ह्यांच्या गटानं 2020 मध्ये सूर्यफुलासाठीच असा नकली वास बनवून पेट्यांना खाऊ घातला आणि बियांचं उत्पादन वाढलं. आमच्याकडं काही दिवसांत बागेतली गर्दी परत वाढली. सूर्यफूल पण तोवर उतरणीला लागलं होतं, त्यामुळं किती पाकामुळं आणि किती आपोआप, ते वेगळं काढता येणार नाही. पण त्यानं खटपट केली, पैसे न वाढवता केली, आणि का करतोय ते समजावून सांगत केली. त्याला हे पाठ होतं असं नाही, रसायनांची नावं मी सांगितली, माशीचं वागणं त्यानं सांगितलं, आम्ही दोघं बांधावर उभं राहून बोलत होतो आणि आत्यांनी चहा दोनदा गरम केला.

आता फवारणी. हे नीट वाचा कारण पेट्या घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. त्याची अट स्पष्ट होती, पेट्या असेपर्यंत इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं बागेत नाहीत, बाकी जे मारायचं ते आधी सांगून, संध्याकाळी माशा घरी आल्यावर. थ्रिप्स (फुलकिडे) दिसायला लागल्यावर भाऊजींनी घरातली इमिडाची बाटली काढली होती, थोडंसंच मारतो म्हणाले, माशीला वाईट वाटलं तर ती बसणार नाही त्या फुलावर. तसं होत नाही, उलट होतं, आणि हेच भयंकर आहे. ही औषधं किड्याच्या मेंदूतल्या निकोटिनिक रिसेप्टरवर, म्हणजे पेशींना निरोप पोचवणाऱ्या जागांवर, बसतात. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात माशांपुढं साधा पाक आणि ह्या औषधांचा अगदी थोडा अंश असलेला पाक ठेवला, तर मधमाश्या आणि भुंगे (बंबलबी) दोघांनी औषधाचा पाक जास्त निवडला. त्यांच्या जिभेला, म्हणजे चवीच्या पेशींना, औषध कळत सुद्धा नव्हतं, म्हणजे ओढ चवीची नव्हतीच. आणि 2012 ला फ्रान्समध्ये माशांच्या पाठीवर बारीक टॅग लावून बघितलं, थायामेथोक्झामच्या न मारणाऱ्या मात्रेनंतर सुद्धा बऱ्याच माशा घरी परतल्याच नाहीत, रस्ता चुकल्या. युरोपियन युनियननं 2018 मध्ये उघड्या शेतात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन तिन्हीवर बंदी घातली ती उगाच नाही. मी भाऊजींना हे सगळं सांगितलं, बाटली परत कपाटात गेली, थ्रिप्सला संध्याकाळी निंबोळी अर्कावर भागवलं. थोडा डाग आला फळांना, तो मी मान्य करते, पण पेट्या शाबूत राहिल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की भाडं देताना आपण लाकडाच्या पेटीचं देत नसतो, आतले हजारो जीव क्षणाक्षणाला थांबू का जाऊ ठरवत असतात, आणि तो निर्णय आपल्या बागेच्या बाजूनं व्हावा म्हणून वेळ, अळ्या, पाक, वास, फवारणी हे सगळं जो सांभाळतो त्याला पैसे द्यायचे. म्हणून हा थोडा महाग असून मला स्वस्त पडला. पेटीमागं दीड हजारापेक्षा जरा जास्त गेले, वाहतूक धरून.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे पाणी. ऑक्टोबर हिटमधी पोळं थंड ठेवायला माशांना पाणी लागतं, पाणी कमी पडलं की चरायला जाणाऱ्यांतल्याच काही पाण्याच्या कामाला लागतात, म्हणजे तेवढे हात बागेतनं कमी झाले. एवढं सगळं कळणाऱ्या माणसानं पेटीबरोबर पाण्याच्या ताटल्या आणायला पाहिजे होत्या. माशा आमच्या ठिबकच्या गळक्या जोडावर आणि जनावरांच्या हौदावर गर्दी करायच्या, कामवाल्या मावशींना एक चावली पण. मग मीच उथळ ताटल्यांत खडे टाकून पाणी ठेवलं, खडे ह्यासाठी की माशी बुडू नये. दुसरी म्हणजे पेट्या उचलायला फार उशीर केला. फुल संपलं, सेटिंग झालं, आम्हाला पुढची फवारणी घ्यायची होती आणि पेट्या तिथंच, रोज उद्या येतो उद्या येतो. दुसरीकडं कामात अडकला होता हे खरं, पण आमचं वेळापत्रक त्यामुळं मागं गेलं.

रिझल्ट म्हणाल तर मी एक केलं होतं, काही फांद्यांना फुल उमलायच्या आधी बारीक जाळीचं कापड बांधलं होतं, माशी आत जाऊ नये म्हणून, आणि त्याच झाडांवरच्या तेवढ्याच उघड्या फांद्या खूण करून ठेवल्या. डाळिंब स्वतःच्या परागानं पण थोडं धरतं, त्यामुळं जाळीतल्या फांद्यांवर अगदीच शून्य नव्हतं, पण उघड्या फांद्यांवर फळं डोळ्याला लगेच जास्त दिसत होती आणि वाकडी बसकी फळं कमी. गेल्या बहाराशी तुलना मी करत नाही कारण यंदा पाऊस वेळेत उघडला, त्याचाही हात असणार. ज्यांना पेट्या घ्यायच्यात त्यांनी ही जाळीची युक्ती नक्की करा, चार फांद्या पुरतात, कुणाच्या सांगण्यावर अवलंबून राहायला लागत नाही.

ज्यांची बाग एकदोन एकराची आहे आणि आजूबाजूला सगळ्यांचंच डाळिंब एकाच वेळी फुलतं त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन पेट्या सांगा, नाहीतर भाडं तुमचं आणि माशा सगळ्यांच्या, शिवाय शेजारी दिवसा औषध मारत असेल तर पेट्या आणूच नका, आधी त्याच्याशी बोला. फोनवर पहिला प्रश्न दराचा करू नका, पेटीत उघड्या अळ्यांच्या फ्रेम किती आहेत ते विचारा आणि समोरचा काय उत्तर देतो ते ऐका.

पुढच्या बहारासाठी मी ह्याच पोराला सांगून ठेवलंय. पाण्याच्या ताटल्या आमच्या, पेट्या उचलायची तारीख मात्र ह्या वेळी आधी कागदावर लिहून घेणार आहे, तो पण हो म्हणालाय.